महावस्त्र आणि बिनखोबणीचा लॅपटॉप

फार पूर्वी, म्हणजे लॅपटॉपच्या कडांना अजून खोबणी होत्या त्या काळी, एका नगरात एक यंत्रकार राहत होता. आता फार पूर्वी लॅपटॉप कुठून आला, असं विचारू नका. गोष्टीत राक्षस चालतो, उडता घोडा चालतो, मग लॅपटॉपनेच काय घोडं मारलंय?

यंत्रकाराचं नाव विश्वंभर. त्याचे लॅपटॉप दिसायला जाडजूड आणि वजनाला चांगलेच भारी, पण कामाला एकदम खणखणीत. दोन्ही कडांना खोबणीच खोबणी. फोटोवाल्याचं कार्ड सरकवायची पातळ खोबण, भिंतीवर चित्र पाडणाऱ्या यंत्राची रुंद खोबण, पेनड्राइव्हची चौकोनी. ज्याला जे जोडायचं असेल त्याने ते आणावं आणि खुशाल खुपसावं. लोकांना सवय अशी झाली होती की न बघता हात बरोबर जागेवर जायचा.

त्याच नगरात विणकरांची पेठ होती आणि पेठेत मथुराक्का होती. विणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि बोलण्यात तर कोणी त्या वाटेलाच जात नसे. पेठेतले माग हातापायांनीच चालत, पण नक्षीच्या कुठल्या ओळीला कुठले धागे उचलायचे हे मागाला लॅपटॉप सांगायचा. दोघांच्या मधे एक जाड केबल असे. तिचं टोक लॅपटॉपच्या खोबणीत बसवून दोन्ही बाजूंनी स्क्रू पिळले की ती जागची हलत नसे.

दरवर्षी घटस्थापनेला नगरदेवीला नेसवायचं महावस्त्र याच पेठेत विणलं जाई. तो मान मथुराक्काच्या घराचा होता, सासूकडून तिच्याकडे आलेला. या वस्त्राचे नियम कडक होते. ते स्वतःच्याच हत्यारांनी विणायचं, उसन्या नाही. त्यातल्या एकाही धाग्याला गाठ चालायची नाही. मधेच धागा तुटला तर ते वस्त्र बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि घटस्थापनेच्या सकाळी वस्त्र देवळात पोचलं नाही, तर मान त्या घरातून कायमचा जाई.

इकडे विश्वंभरशेठचं नाव मोठं झालं आणि त्याला दरबारात बोलावणं आलं. दरबारी मंडळींकडेही त्याचे लॅपटॉप होते. ती मंडळी सकाळी लॅपटॉप काखेत मारून या दालनातून त्या दालनात जात, उघडून एक नजर टाकत, मिटत आणि दुपारी घरी जात. संपलं काम. त्यांच्यातला एक सरदार म्हणाला, "शेठ, यंत्र उत्तम आहे, पण कडेला ही भोकं कसली? फाटका सदरा घालून मिरवल्यासारखं वाटतं हो."

शेठला ते फार लागलं. मागावर, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात त्याचे लॅपटॉप दिवसभर राबत होते, तिथल्या कोणाला एका शब्दाने विचारावं असं काही त्याच्या मनात आलं नाही. त्याने सगळ्या खोबणी बुजवल्या. पापडासारखा पातळ, गुळगुळीत लॅपटॉप काढला आणि त्याला एकच एवढीशी खोबण ठेवली. कोणाला काही जोडायचं असेल तर त्याने वेगळी जोडणी घ्यावी, असं जाहीर केलं. जोडणी म्हणजे बोटभर वायर, एका टोकाला नवं तोंड आणि दुसऱ्या टोकाला जुनी खोबण. प्रत्येक कामाची वेगळी आणि मिळणार ती त्याच्याच दुकानात. दरबार खूश झाला आणि शेठला शालजोडी मिळाली.

नेमका त्याच वर्षी मथुराक्काचा जुना लॅपटॉप बसला. महावस्त्र मागावर चढवायची वेळ आलेली. ती दुकानात गेली, तर तिथे सगळे नवेच.

"खोबणीवाला दाखव," ती म्हणाली.

"तो बंद झाला, आक्का," दुकानदार म्हणाला. "आता जग पुढे गेलंय."

"जग जाईना का. माझा माग आहे तिथेच आहे."

पण करते काय? नवा लॅपटॉप घेतला, जोडणी घेतली आणि घरी आली. आता या पेठेची एक सवय सांगायला हवी. मागावर सुटं म्हणून काही ठेवायचं नाही. कात्री, चिमटा, तेलाची कुपी, सगळं दोरीने मागालाच बांधलेलं, म्हणजे हात नेला की सापडतं आणि हरवत नाही. त्या एवढ्याशा जोडणीकडे बघून मथुराक्काच्या मनात पहिली गोष्ट हीच आली की ही हरवणार. तिने रीतसर एक दोरी घेतली आणि जोडणी मागाला बांधून टाकली.

काम सुरू झालं. काठ झाले, बुट्टे झाले, पदर आला. पदरावर मोरांची जोडी होती आणि दुसऱ्या मोराची मान अर्धी झाली होती. तेवढ्यात आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना दोरीत अडकला. मथुराक्काचा हात लयीत होता, धागा आवळणाऱ्या फणीचा ठोका बसला आणि दोरी खसकन ओढली गेली. दोरीबरोबर जोडणी आणि जोडणीबरोबर लॅपटॉप. जुना असता तर आपल्या वजनावर बसून राहिला असता. हा पिसासारखा हलका, उडाला तो थेट ताणलेल्या रेशमावर कडेच्या बाजूने पडला. ती पातळ कड धाग्यांत सुरीसारखी घुसली. निम्म्या पदराचे धागे तटातट तुटले.

मथुराक्का मागावर नुसती बसून राहिली. तिला रडू आलं नाही. तिला भयंकर राग आला. तुटलेलं महावस्त्र तिने मागावरून उतरवलं, घडी केली आणि उन्हातून चालत शेठच्या कारखान्यात गेली. घटस्थापना अगदी तोंडावर आली होती. नवं वस्त्र त्याच घडीला सुरू केलं असतं तरी जेमतेम झालं असतं.

शेठ दोन दरबाऱ्यांबरोबर बसला होता. तिने पदर त्याच्यासमोर पसरला.

शेठ माणूस वाईट नव्हता. त्याने ते रेशीम हाताने चाचपलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण दरबारी बघत होते.

"दोरी बांधायला कोणी सांगितलं होतं?" तो म्हणाला. "आक्का, चूक यंत्राची नाही, सवयीची आहे. सवयी बदलायला हव्यात."

"माझ्या सवयीने आजवर देवीला नेसवलंय, शेठ. तुमच्या यंत्राने या वर्षी काय नेसवलं ते सांगा."

एक दरबारी हसला. शेठने आवाज खाली आणला. "ऐका. मी माझा एक माणूस देतो. तुम्ही विणा, दोरीऐवजी तो जोडणी हातात धरून बसेल. वस्त्र वेळेवर होईल, तुमचा मान राहील. फक्त घटस्थापनेला देवळात एवढंच सांगा, की हे विश्वंभरच्या नव्या लॅपटॉपवर विणलंय. खोटं काहीच नाही त्यात."

आता तुम्हीच सांगा, तिने काय करायला हवं होतं? मान जायची वेळ आलेली, समोर आयता मार्ग. वर माणूस फुकट. तुम्ही-आम्ही असतो तर हो म्हणून मोकळे झालो असतो, उगाच नाही कशाला म्हणा. सासूकडून आलेला मान आपल्या हातून जाणार, हे मथुराक्कालाही दिसत होतं.

मग ती म्हणाली, "मी देवळात तसं बोलले, की उद्या तुम्ही सगळ्या पेठेला म्हणणार, मथुराक्काला जमलं, तुम्हाला का जमत नाही? फोटोवाल्याला म्हणणार, वैद्याला म्हणणार. त्या सगळ्यांना जोडणी धरायला माणूस देणार आहात?"

शेठ दरबाऱ्यांकडे बघू लागला.

"मग मलाही नको," असं म्हणून तिने वस्त्र उचललं आणि ती निघाली.

तिथून घरी येऊन तिने दोन्ही लॅपटॉप घेतले आणि ती तडक रमजानभाईंच्या दुकानात गेली. रमजानभाई पेठेच्या तोंडाशी बसून यंत्रं दुरुस्त करत. तिने टेबलावर दोन लॅपटॉप ठेवले, एक जुना मेलेला आणि एक नवा.

"याची खोबण काढा आणि त्याला बसवा," ती म्हणाली.

रमजानभाईंनी नवा लॅपटॉप हातात घेतला. "आक्का, कड कापावी लागेल. दिसायला अगदी भद्दं दिसेल."

"मला काय त्याची मुंज करायचीय? कापा."

रमजानभाईंनी कापलं. जुनी खोबण आत बसवली, तारा जुळवल्या, वरून पत्र्याची पट्टी मारली. ध्यान दिसत होतं नुसतं. पण घरी मागाजवळ नेल्यावर केबल आत गेली आणि दोन्ही स्क्रू बसले. मथुराक्काने उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवला, मागाने पहिली ओळ उचलली आणि ती पुन्हा पहिल्यापासून विणायला बसली.

ही बातमी कारखान्यात पोचायला कितीसा वेळ लागतो? शेठने दवंडी पिटवली. ज्या लॅपटॉपची कड कापली जाईल, त्याला आमच्या दुकानात कोणी हात लावणार नाही, आणि जो कापेल त्याला सुटे भाग मिळणार नाहीत. दवंडीवाला मुद्दाम पेठेच्या तोंडाशी उभा राहून जरा जास्तच मोठ्याने ओरडला.

रमजानभाईंनी चष्मा पुसला. "सुटे भाग तर त्यांनी कधीच बंद केलेत," ते दवंडीवाल्याला म्हणाले. "आता आणखी काय काढून घेणार, माझं स्टूल?"

तरी पेठ घाबरलीच. लॅपटॉप काही कोणाला फुकट मिळालेला नसतो. बराच वेळ दुकानाकडे कोणी फिरकलं नाही. मग लग्नांचे फोटो काढणारा यशवंता आला. एका मांडवात जोडणी सापडता सापडेना म्हणून त्याचा आख्खा सप्तपदीचा कार्यक्रम भिंतीवर दिसलाच नव्हता आणि वरमाईने सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेतली होती. त्याने लॅपटॉप पुढे केला आणि म्हणाला, "माझाही कापा. पुन्हा ते बोलणं ऐकून घेणार नाही मी." त्याच्या मागून वैद्यबुवा आले. त्यांच्यामागे शेजारचे विणकर. कीर्तनाचे बुवासुद्धा आले, त्यांना आवाजाची पेटी जोडायची होती. संध्याकाळपर्यंत रांग पिंपळाच्या पारापर्यंत गेली, आणि दवंडीवाला स्वतःच्या भावाचा लॅपटॉप घेऊन तिच्यात उभा होता.

मथुराक्का तेवढे दिवस जेवायलासुद्धा मागावरून फारशी उठली नाही. पेठेतल्या बायका तिच्या घरचं रांधून देत. मोरांची जोडी झाली, पदर झाला आणि घटस्थापनेच्या पहाटे वस्त्र मागावरून उतरलं. पुजाऱ्याने उजेडात धरून धागा अन् धागा तपासला. एकही गाठ नव्हती. देवीला ते नेसवलं तेव्हा मथुराक्काच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं.

गाभाऱ्याबाहेर शेठ उभा होता. तो हळूच म्हणाला, "आक्का, निदान मला विचारायचं तरी. माझं यंत्र होतं."

"विकलंत तेव्हाच ते माझं झालं," ती म्हणाली. "आणि मी आले होते की तुमच्याकडे, फाटका पदर घेऊन. तेव्हा तुम्ही माझी सवय तपासत होतात."

पुढे व्हायचं तेच झालं. नगरात जो तो कापलेला लॅपटॉप वापरू लागला. नवा घ्यायला कोणी जाईना. आणि दरबारी? त्यांना तोवर चांदीचे अडकित्ते मिरवायचा नाद लागला होता. पातळ लॅपटॉप कुठल्या कोनाड्यात पडले हे त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. ज्यांच्यासाठी शेठने खोबणी बुजवल्या, तेच त्याला विसरून गेले.

वर्षभराने शेठने मैदानात मांडव घातला आणि सगळ्या नगराला बोलावलं. व्यासपीठावर मखमलीखाली काहीतरी झाकलेलं होतं. शेठने मखमल ओढली. नवा लॅपटॉप, थोडा जाड, थोडा वजनदार आणि दोन्ही कडांना खोबणी. कार्डाची, भिंतीवरच्या चित्राची, मागाच्या केबलची, सगळ्या.

"मंडळी," शेठ आवाज चढवून म्हणाला, "हा आमचा नवा शोध. कष्टकऱ्यांची गरज ओळखून खास त्यांच्यासाठी घडवलेला."

पुढच्या रांगेतल्या एका सरदाराने टाळी वाजवली आणि आपण एकटेच वाजवतोय हे कळल्यावर हात मांडीवर ठेवले. शेठ थांबला, वाट बघत राहिला. शेवटी त्याची नजर मथुराक्कावर गेली.

"आक्का, तुम्हाला हव्या होत्या त्याच खोबणी दिल्यात ना? मग टाळ्या का नाहीत?"

मथुराक्का उठली. व्यासपीठावर जाऊन तिने लॅपटॉप उचलला, मागाची खोबण अंगठ्याने दाबून पाहिली. पक्की होती. तिने तो परत खाली ठेवला.

"शेठ, आमचं होतं तेच तुम्ही काढून घेतलं होतंत," ती म्हणाली. "ते परत केलंत, बरं केलंत. पण परत केल्याच्या टाळ्या नसतात."

एवढं बोलून ती खाली उतरली आणि तिच्याबरोबर सगळी पेठ उठून कामाला गेली.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: राबणाऱ्याला न विचारता त्याचं हत्यार सुधारायला जाऊ नये. आणि कोणी गेलंच, तर राबणाऱ्याने मान खाली घालून आपले हात बदलू नयेत, हत्यार बदलावं.