ताठ ट्राम आणि विहिरीचं वळण

फार वर्षांपूर्वी एका जुन्या शहरात ट्रामचे रूळ एका विहिरीला वळसा घालून तेली आळीतून कासार आळीत जात. तिथं एक नवी ट्राम आली. लांबलचक, चकचकीत आणि ताठ. पहिल्याच दिवशी ती वळणात अडकली. तोंड कासार आळीत, शेपूट तेली आळीत.

"बाजूला हो," ती वळणावर खेकसली. "मला वाकायची सवय नाही."

"मला विहिरीनं वळवलंय. तिला सांग," वळण म्हणालं.

विहीर म्हणाली, "पाणी इथंच लागलं, बाई."

ट्राम हलेना, पण कंडक्टर सटवाजींनी तिकिटं फाडणं थांबवलं नाही. लोक मागच्या दारानं चढत, आतून चालत जात आणि पुढच्या दारानं उतरत. ऊन लागत नाही म्हणून खूशही असत. "महिन्यात एक मिनिट उशीर नाही!" ट्राम ऐटीत सांगायची.

एके दिवशी चंद्रभागा लोहारीण आतून चालता चालता थबकली. "अगं, मीच चालायचं, तर तू कशाला?"

मागचे सगळे विचारात पडले आणि एकेक करून उतरले. दुसऱ्या दिवशी कुणीच चढलं नाही.

"मग मी काय करू?" ट्रामनं लोहारणीला हळूच विचारलं.

लोहारणीनं तिला मधोमध कापलं आणि तिथं आपल्या भट्टीचा चामडी भाता जोडला. मोठा सुस्कारा टाकत ट्राम अलगद वळली.

"दिलीस ना शेवटी वाट!" जाता जाता तिनं वळणाला ऐकवलं.

वळणाला यात नवल वाटलं नाही. आधी इथं अडकलेल्या तिन्ही ट्रामही हेच म्हणाल्या होत्या.