मिठाचा हुकूम

घाटमाथ्यावरच्या एका नगरात एकदा एक तरुण अमात्य नेमला गेला. माणूस विद्वान, मनाने सरळ, प्रजेविषयी खरी कळकळ असलेला. त्या वर्षी कोकणातल्या मिठागरांत अवकाळी पाऊस शिरला, मीठ थोडे पिकले आणि नगरात त्याचा भाव तिपटीने चढला. गरिबाघरची भाकरी अळणी झाली. अमात्याने दवंडी पिटवली की मीठ गतवर्षीच्याच भावाने विकावे. अधिक दाम घेणारा आणि अधिक दाम देणारा, दोघांनाही भर बाजारात पंचवीस फटके.

लोकांनी त्याचा जयजयकार केला. होते नव्हते ते मीठ आठ दिवसांत विकले गेले. त्यानंतर घाट चढून मिठाच्या बैलांचा एकही तांडा आला नाही. व्यापाऱ्यांनी साठे दडवले असावेत अशा संशयाने अमात्याने घरोघरी झडत्या सुरू केल्या. शेजारी शेजाऱ्याची चहाडी करू लागला. एका वाण्याचे दुकान जमावाने जाळले. राखेत मीठ सापडले नाही. गोठ्यांत मिठावाचून गुरे चाऱ्याला तोंड लावीनाशी झाली.

अशातच एका सकाळी शिपायांनी दोघांना चावडीपुढे आणले. एक लमाण होता. त्याच्या बैलावर मिठाची गोणी होती. दुसरे होते अमात्याचे वृद्ध गुरू. वेशीवर, शिपायांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी तिप्पट दाम मोजून ती गोणी घेतली होती.

बातमी पसरली आणि चावडीपुढे माणसांची दाटी झाली. जळलेल्या दुकानाचा मालकही त्यात होता. गुरूला सोडले तर हुकमाला अर्थ उरणार नव्हता, आणि शिक्षा द्यायची तर ज्या पायांवर डोके ठेवून विद्या घेतली त्या माणसाच्या पाठीवर आसूड ओढायचा होता. अमात्याने गुरूंना विचारले, आपल्याला हुकूम ठाऊक नव्हता का?

"ठाऊक होता," गुरू म्हणाले. "शिक्षाही ठाऊक आहे. ती अवश्य दे. त्याआधी या माणसाला एवढेच विचार, की तो पुन्हा मीठ घेऊन येईल का."

अमात्याने लमाणाकडे पाहिले. तो खाली मान घालून म्हणाला, "नाही, सरकार. मिठागरावरच दुपटीने घ्यावं लागतं. घाटात माझा एक बैल गेला, वर नाक्यावर जकात भरली. तुमच्या भावात मुद्दलही निघत नाही. आमचे सगळे तांडे पलीकडच्या मुलखात वळलेत. मी आलो तो या म्हाताऱ्या बाबांनी खाली येऊन गळ घातली म्हणून."

आसूडवाला शिपाई हुकमाची वाट पाहत उभा होता.

गुरू म्हणाले, "बाळ, मीठ महागले तर गरिबाचे काय होईल, हे तू स्वतःला विचारलेस. ते योग्यच होते. पण भाव बांधला तर मीठ आणणारा काय करील, हे विचारायचे राहिले. तुझा हुकूम वेशीच्या आत चालतो. मीठ बाहेरून येते. ते येईना, तेव्हा तू हुकमाकडे पाहिले नाहीस, माणसांवर संशय घेतलास. झडत्या कराव्या लागल्या तेव्हाच थांबायला हवे होते."

अमात्याने शिपायाला आसूड खाली ठेवायला सांगितले आणि सर्वांसमक्ष आपला हुकूम मागे घेतला. मिठावरची जकात त्याने माफ केली. वाण्याचे दुकान सरकारी खर्चाने बांधून देण्याचे ठरवले. गरिबांसाठी चालू भावाने मीठ खरेदी करून ते जुन्या भावाने द्यावे, असेही त्याने कोठारास कळवले.

पंधरवड्याने तांडे आले. मीठ महागच होते, आणि जयजयकार करणारेच आता अमात्याला नावे ठेवू लागले. त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतले.

एका संध्याकाळी तो गुरूंकडे गेला. मनात एक सल होता. हुकूम काढण्यापूर्वी त्याने तो गुरूंना वाचून दाखवला होता, आणि त्यांनी मान डोलावली होती. तेव्हाच का अडवले नाहीत, असे त्याने विचारले.

गुरू म्हणाले, "तेव्हा मलाही तो उत्तमच वाटला होता. घाट उतरून त्या माणसांना भेटलो, मग कळले."

अमात्याने नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी विणकरांविषयीचा एक नवा हुकूम सहीसाठी त्याच्यापुढे आला, तेव्हा तो तसाच ठेवून अमात्य चालत विणकरांच्या आळीत गेला.

राज्यकर्त्याची कळकळ पाहून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा त्याला हेही विचारावे की तो त्या आळीत जाऊन आला आहे का.