झुंबरच्या दातांची तार

डोंगराकडेच्या एका गावात एक भोळा शेळ्यावाला होता. नाव झुंबर. मन सरळ, दात वाकडे. वरचे दोन तर ओठाबाहेर येऊन आल्यागेल्याला रामराम घालायचे.

त्याला शेवंताचं स्थळ आलं. शेवंता मोकळ्या तोंडाची. म्हणाली, "माणूस चांगला आहे. दात तेवढे सरळ करून घ्या, मग हळद लावू." झुंबरला शेवंता फार आवडली होती. तो तसाच उठला आणि तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाईंनी तार बसवली. म्हणाल्या, "वर्ष-दीड वर्ष लागेल. घाई करायची नाही. मधूनमधून येऊन तार घट्ट करून घ्यायची. थोडं दुखेल. दुखतंय म्हणजे सरकतंय, घाबरायचं नाही."

"बरं," झुंबर म्हणाला.

घरी आला तर शेळ्यांच्या छपराची मेढ, म्हणजे मधला खांब, वाकडी दिसली. त्यानं मेढीला तार बांधली, दुसरं टोक बाभळीला, आणि बसला पिळत. मेढ करकरली.

"दुखतंय," झुंबर म्हणाला. "म्हणजे सरकतंय."

आणखी पिळली. छप्पर खाली आलं. शेळ्या चरायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या.

आई धावत आली. "अरे येड्या, लाकूड करकरलं की हात सोडायचा आणि बाजूला व्हायचं."

"बरं आई, आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गयाकाकूंनी त्याला हंडा ओढायला लावला. भरलेला हंडा काठाशी आला आणि लाकडी रहाट करकरला. झुंबरनं हात सोडला आणि बाजूला झाला. काकूंचा तांब्याचा हंडा अजून विहिरीतच आहे.

आई म्हणाली, "अरे, एकदा धरलेलं काही झालं तरी सोडायचं नसतं."

"बरं आई, आता तसंच करतो."

पुढच्या खेपेला बाईंनी तार तपासायला त्याच्या तोंडात बोट घातलं. झुंबरनं दातांनी बोट धरलं. बाई ओरडल्या. कंपाउंडर धावला. झुंबर काही सोडेना. शेवटी कंपाउंडरनं गुदगुल्या केल्या तेव्हा बोट सुटलं.

बाई फुंकर मारत म्हणाल्या, "अहो, इथं तोंड उघडं ठेवायचं. मी सांगेपर्यंत मिटायचं नाही."

काम झालं, पण बोटाच्या ठणक्यात बाई सांगायचं विसरल्या. झुंबर एसटीतून तोंड उघडं ठेवून घरी आला. आईनं भाकरीचा घास भरवला तो बाहेर पडला. दुसरा भरवला, तोही पडला. सकाळी आई त्याला घेऊन परत तालुक्याला गेली. बाई म्हणाल्या, "मिटा." त्यानं मिटलं.

असं करत करत दात सरळ झाले. तार निघाली. गाव बघायला आलं. बाईंनी मात्र दातांवर घालायला एक पातळ पट्टी दिली आणि बजावलं, "दात सरळ झाले तरी त्यांना जुन्या जागेची ओढ असते. मोकळं सोडलं की निघालेच परत. म्हणून ही दिवसरात्र घालायची. फक्त जेवताना काढायची, आणि जेवण झालं की लगेच परत बसवायची."

लग्न लागलं. झुंबरच्या उपरण्याला शेवंताच्या शालूची गाठ बांधली. वरात घरी आली आणि आई गाठ सोडायला पुढं झाली. झुंबरनं गाठ मुठीत धरली.

"सोडायची नाही. हिला माहेरची ओढ आहे. मोकळं सोडलं की निघालीच परत."

त्याला ते खरंच वाटत होतं. एवढ्या कष्टानं मिळालेली बायको. आईनं समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं. गाठ रात्रभर तशीच राहिली.

सकाळी शेवंताचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. रीतच ती. झुंबर हटेना. शेवंता हसली. म्हणाली, "अहो, जेवताना तरी सोडायची ना?"

"जेवताना सोडायची," झुंबर म्हणाला.

तिनं त्याला अंगणात, नव्या छपराच्या मेढीला पाठ करून बसवलं आणि ताट वाढलं. गाठ सुटली. झुंबर पोटभर जेवला, हात धुतले आणि म्हणाला, "आता लगेच बांध."

"बांधते," पाठीमागून शेवंता म्हणाली. उपरण्याला झटका बसला. झुंबर निर्धास्त झाला.

बराच वेळ गेला. शेवंता काही बोलेना. झुंबरनं उपरणं हळूच ओढलं. "शेवंता, जरा इकडं सरक."

मागून करकर आवाज आला. लाकूड असतं तर झुंबरनं हात सोडला असता. पण ही तर शेवंता.

"दुखतंय का? घाबरू नको," तो म्हणाला आणि जोरात ओढलं.

छप्पर खाली आलं.

आई धावत आली. "अरे मेल्या, सून कुठाय?"

गवताच्या ढिगाखालून झुंबर म्हणाला, "सरकतेय आई. वर्ष-दीड वर्षात येईल जागेवर."