लहान जखमेची गोळी

शिकारीला बंदी नव्हती त्या काळी एका संस्थानाच्या शिकारखान्यात एक वृद्ध शिकारी होते. सारे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य दोन वर्षे शिकत होता. त्याचा नेम अचूक होता, पण मन फार हळवे. मातीच्या बांधाखेरीज त्याने आजवर कशावरही गोळी झाडली नव्हती.

एका हिवाळ्यात डोंगराकडच्या गावातून तक्रार आली. चितळांचा कळप रोज पहाटे हरभऱ्यात उतरत होता. एक नर पडला की कळप ती वाट सोडतो, म्हणून दरबाराने एकाच नराची परवानगी दिली आणि उस्तादांनी ते काम शिष्याला सांगितले.

निघण्याआधी त्यांनी ओल्या मातीच्या बांधावर दोन गोळ्या झाडून दाखवल्या. पहिली टोकदार, पूर्ण तांब्याने मढवलेली. ती बोटाएवढे भोक पाडून आत निघून गेली. दुसरीच्या नाकाशी शिसे उघडे होते. मातीत शिरताच ती पसरली आणि नारळ मावेल एवढा खड्डा पडला. उस्तादांनी त्या दुसऱ्या जातीची तीन काडतुसे शिष्याच्या हाती ठेवली. का, ते सांगितले नाही.

तो खड्डा शिष्याच्या डोळ्यांपुढून हलेना. मरायचेच आहे, तर त्या मुक्या जिवाला निदान जखम तरी लहान व्हावी, असे त्याला वाटले. कुणाला न विचारता त्याने शिकारखान्यातले एक टोकदार काडतूस बंदुकीत भरून घेतले.

सकाळी उजाडल्यावर नर समोर आला. शिष्याने बार काढला. चितळ दचकले, त्याने एक उंच उडी मारली आणि ते झाडीत दिसेनासे झाले.

"लागली, उस्ताद," शिष्य म्हणाला.

"लागली, का बसली?"

शिकारखान्यात या दोन शब्दांत मोठे अंतर होते. जनावराला जखमी करून जाते ती लागली, जागच्या जागी पाडते ती बसली. शिष्य झाडीकडे धावू लागला, तर उस्तादांनी त्याला मागे बोलावले आणि स्वतः एका दगडावर जाऊन बसले. शिष्य उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उठला. जनावर तिकडे तडफडत असेल, असे त्याने तीनदा सांगून पाहिले. उस्ताद सावलीवरून वेळ मोजत बसून राहिले. इतकी वर्षे शिकार करून म्हाताऱ्याच्या काळजाचा दगड झाला आहे, असे शिष्याच्या मनात येऊन गेले.

बऱ्याच वेळाने उस्ताद उठले. चितळ उभे होते तिथे चार केस आणि रक्ताचे दोनच थेंब पडले होते. ते पाहून त्यांनी हात पुढे केला.

"उरलेली काडतुसे दाखव."

शिष्याने खिशातून काढून दाखवली. तिन्ही तशीच होती. उस्ताद रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला.

मग माग काढणे सुरू झाले. एखादा थेंब, मोडलेली काडी, ओल्या मातीत खोल उमटलेला खूर. रक्त थांबले की शिष्याचा जीव घाबरा होई. जनावर सापडलेच नाही तर ते आणखी दोन दिवस असेच मरत राहील, हे त्याला आता कळले होते. ऊन कलू लागले तेव्हा करवंदीच्या जाळीत चितळ दिसले. ते जिवंत होते. उठायला पाहत होते आणि पुन्हा पुन्हा कोसळत होते.

उस्ताद बाजूला सरले. शिष्याने उघड्या शिशाचे काडतूस भरले आणि हात दगडावर टेकून बार काढला. चितळ पुन्हा हलले नाही.

"सकाळीच धावलो असतो तर?" शिष्याने खालच्या आवाजात विचारले.

"मागे कुणी नाही असं वाटलं, म्हणून ते जवळच बसलं. पाठलाग झाला असता तर ते डोंगरापलीकडे गेलं असतं. मग कुठं सापडणार होतं? तुझी तगमग कमी व्हावी म्हणून त्याला पळवायचं होतं होय?" उस्ताद म्हणाले. "गोळी निवडतानाही तू हेच केलंस. मोठी जखम तुला बघवली नसती, म्हणून लहान निवडलीस. ती दया तू स्वतःच्या डोळ्यांवर केलीस, बाळा. मोठ्या जखमेनं ते जागच्या जागी गेलं असतं. हरणाला जखमेचं माप कळत नाही. किती वेळ दुखलं, तेवढंच कळतं."

शिष्याने खाली वाकून चितळाचे पाय धरले आणि ते जाळीबाहेर ओढले.

गावात पोचले तेव्हा पाटील वाट पाहत होते. "एका हरणाला अख्खा दिवस? माझी म्हातारी काठी घेऊन गेली असती तरी दुपारच्या आत परतली असती," ते म्हणाले. भोवतालचे लोक हसले. जनावर फार चपळ होते, असे शिष्य सांगू लागला आणि अर्ध्यावरच थांबला.

"नाही, पाटील. मी चुकीची गोळी घातली. माझ्यामुळं ते जनावर दिवसभर तडफडलं."

हसणे थांबले. पाटलांनी मान खाली घातली. उस्ताद मात्र पहिल्यांदाच आपल्या शिष्याकडे नीट पाहत होते.

कुणाला कठीण गोष्ट सांगायची वेळ येते, तेव्हा आपले मऊ, अर्धवट शब्द नेमके कुणाचे दुःख वाचवतात, एवढे आपणही स्वतःला विचारून पाहावे.