करमरकरांचा स्पेन

“...पण मग सेव्हिल ठेवू की ग्रानादा, बुवा? दहा दिवसांत दोन्ही बसत नाहीत हो!”

 बुवांसमोर परातीत भिजलेले वाल होते, ते सोलत राहिले.

हा प्रश्न करमरकर साहेब मार्चपासून विचारत होते. आता ऑक्टोबर लागला. दर गुरुवारी गाडी घेऊन मठात यायचे, बुवांच्या पाया पडायचे, की सुरू! माद्रिद, तोलेदो, बार्सिलोना... मठातला चहा वीस वर्षं मीच करतो, त्यामुळे ती गावं मलाही पाठ झाली होती. खरं सांगतो, स्पेनचं नाव निघालं की माझं डोकं उठायचं.

करमरकर म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. धरणांच्या जागा निवडण्यात हयात गेली, त्याचा तोरा अजून उतरला नव्हता. प्रत्येक गावाला त्यांनी शंभरपैकी मार्क दिले होते. हॉटेल, हवा, चढउतार, सगळ्याचे वेगवेगळे.

शेजारी कुमुदताई बसल्या होत्या, त्यांच्या पत्नी. शाळेत भूगोल शिकवायच्या. वर्षानुवर्षं पोरांना नकाशात दाखवलेला हा देश एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. आणि डोळेच चालले होते. पडद्याचा आजार. समोरचं पुसट झालं होतं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, जे बघायचंय ते आताच बघून घ्या.

आणि हे गृहस्थ मार्क देत बसले होते!

“जा की कुठंही,” बुवा म्हणाले.

“कुठंही कसं, बुवा? तिला हे एकदाच बघायला मिळणार. माझ्या हातून चुकीचं गाव निवडलं गेलं तर...?”

 एवढं मात्र कबूल करायला हवं, माणूस बायकोसाठीच जिवाचं रान करत होता. म्हणून तर जास्त संताप यायचा.

“विमानाचं काय झालं?” बुवांनी विचारलं.

“आधी गावं ठरू देत. मग विमान.”

“मार्चमध्येही हेच म्हणालास.”

“मार्चमध्ये माझ्याकडे पुरेशी माहिती नव्हती!”

बुवांनी परात बाजूला सारली.

“अरे, धरण बांधतोयस का तिथं?”

बुवा कुमुदताईंकडे वळले.

“ताई, तुम्ही सांगा. कुठं जायचं?”

“यांनी एवढा अभ्यास केलाय. मी काय सांगणार?” कुमुदताई म्हणाल्या. “मला आपलं लवकर जायचंय...”

करमरकरांचं लक्षच नव्हतं. ते पिशवीतून यादी काढत होते.

बुवांनी हात पुढे केला. यादी घेतली आणि कुमुदताईंच्या हातात दिली.

“वाचा.”

त्यांनी मान तिरकी केली. कागद डोळ्याच्या कडेला धरला, मग लांब नेला, मग परत जवळ आणला.

“मार्चमध्ये वाचता यायचं,” त्या म्हणाल्या.

करमरकरांनी चमकून पाहिलं.

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कामात होता.”

...

बाहेर कुणीतरी चपला काढत होतं. 

“त्यावर बोट ठेवा,” बुवा म्हणाले. “कुठंही.”

“बुवा, असं कसं? काही पद्धत असते—”

“तू गप्प बस रे!”

बुवा एवढ्या जोरात ओरडले की माझ्या हातातला चहा सांडला. वीस वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. पण बरं वाटलं.

कुमुदताईंनी कागद मांडीवर पसरला, हाताने सारखा केला. मग बोट टेकवलं आणि हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील कोण जाणे.

“कोणतं आलं हो?”

करमरकर वाकले. बघितलं. आणि कपाळावर हात मारून घेतला.

“कोर्दोबा! अगं, कोर्दोबा तर मी गेल्या आठवड्यातच खोडलं! हे बघा बुवा, लाल पेनने, दोनदा... केवढी ठळक रेघ मारलीय!”

बुवांनी परात पुन्हा पुढ्यात ओढली.

“तिला तुझी रेघ दिसत नाही, करमरकर. ऊठ आता.”