सारवलेली हातभर जमीन

निंबळखोऱ्याच्या चर्चमध्ये पहिले पाऊल जपून टाकावे लागते. आत सगळीकडे गुळगुळीत शहाबादी फरशी आहे, पण दारापाशी हातभर जागा अजून मातीची आहे आणि ती शेणाने सारवलेली असते. शिवाय इथले पाळक अनवाणी उपासना घेतात. पाहुणे हे बघून थबकतात. मग चर्चची देखभाल करणारे शांतवनबाबा त्यांना पायरीवर बसवतात आणि गोष्ट सांगतात.

पूर्वी हे चर्च म्हणजे कुडाच्या भिंती आणि मातीची जमीन. एक गोरे साहेब घोड्यावरून येऊन उपासना घेत. साहेब टोपी काढून, पण बूट घालून आत जात. गावकरी वहाणा काढून, पण पागोटे बांधून बसत. दोघांनाही वाटे, समोरच्याला देवाचा मान कळत नाही.

एके रविवारी साहेबांनी जाहीर केले, "यापुढे पागोटी बाहेर." बाकीच्यांनी कुरकुरत ऐकले. दगडोजी मात्र ऐकेनात; त्यांच्या नातीचा बाप्तिस्मा जवळ आला होता. त्या काळी घरात कोणी गेले तरच माणूस बोडक्या डोक्याने बाहेर पडे, म्हणे.

"नातीच्या बाप्तिस्म्याला सुतकी डोक्यानं येऊ व्हय? आधी साहेबांनी बूट काढावेत," ते म्हणाले, आणि तोवर उंबरा ओलांडणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली.

साहेबही हटेनात. आजोबांशिवाय बाप्तिस्मा करायचा नाही, असे घरात ठरलेले. नात तर फार अशक्त होती. रडण्याइतकेही बळ तिच्यात नव्हते. तिची आई सगुणा दर रविवारी तिला घेऊन उंबऱ्यावर बसे. आत साहेब, बाहेर सासरे.

"तुमच्या दोघांच्या मानापायी माझं लेकरू तसंच राहायचं का?" असे ती विचारी.

चर्चची जमीन दगडोजींची बायको तानूबाई सारवत. एरवी शनिवारी सारवायच्या, पण एकदा नातीच्या दुखण्यात राहून गेले, म्हणून रविवारी सकाळी सारवले. जमीन ओली असतानाच साहेब आले आणि तरातरा पुढे गेले. तानूबाई शेणाचा हात तसाच धरून उभ्या राहिल्या.

"साहेब, घोडं आत आणलंत का?"

साहेबांनी वळून पाहिले. नाल ठोकलेल्या बुटांचे ठसे दारापासून त्यांच्या पायांपर्यंत उमटले होते.

"दर रविवारी असंच होतं?"

"दर रविवारी. वाळल्यावर पोपडे निघतात, ओल्यात ठसे दिसतात, एवढंच."

साहेब परत दारापाशी आले, सगुणेशेजारी उंबऱ्यावर टेकले आणि बूट काढले. डाव्या मोज्यातून अख्खा अंगठा बाहेर आलेला!

"अगं बया, साहेबाच्या घरी सुई-दोरा नाही वाटतं!" तानूबाई म्हणाल्या.

आधी साहेब हसले, मग सगळे. दगडोजी तर पोट धरून इतके वाकले, की पागोटे सुटून बाळावर पडले. आणि बाळ, असे सांगतात, जन्मात पहिल्यांदा खणखणीत रडले.

साहेबांनी पागोटे उचलून दगडोजींच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला.

"राहू द्या," दगडोजी म्हणाले. "नातीला ऊब लागतीय."

बोडके आजोबा आणि अनवाणी साहेब बरोबरच आत गेले. पागोट्यात गुंडाळलेल्या नातीचा बाप्तिस्मा झाला.

पुढे फरशी आली तेव्हा बायकांनी ती हातभर जमीन सोडायला लावली. आता चर्चमध्ये गिटार वाजते, टाळ्या पडतात, मुले जीन्समध्ये येतात. डोक्यावरून आणि कपड्यांवरून इथे कोणाला अडवत नाहीत. सारवलेल्या जागेवर मात्र कोणी बुटाचा पाय देत नाही.

आजही बाप्तिस्म्याला बाळ पागोट्याच्या कापडात येते. पाळक दारात बूट काढू लागले, की मागच्या बाकांवरची मुले अंगठा दिसतो का ते बघायला माना उंच करतात. दिसला, तर सगळे चर्च हसते आणि बाळ दचकून रडू लागते.

"चांगला आहे आवाज," शांतवनबाबा म्हणतात. "माझ्या पणजीचाही असाच होता, म्हणे."