सासुरवाडीत राहिलेला पार्ट

एका गावात पांडबा नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा, की कुणी 'जरा थांब' म्हटलं, तर उचललेला पाय तसाच हवेत धरून उभा राहायचा. त्याची बायको सगुणा मात्र चलाख. रोज सकाळी मोटरसायकलला किटल्या अडकवून डेअरीला दूध घालायला तीच जायची.

पंचमीला सगुणा माहेरी गेली. जाताना बजावून गेली, "अहो, पोळ्याच्या आदल्या दिवशी न्यायला या. आपल्या बैलांना मीच ओवाळणार. चुकलात तर बघा!"

तो दिवस उजाडला. पांडबानं धुतलेली टोपी घातली आणि किक मारली. गाडी ढिम्म. शेजारी म्हणाला, प्लग गेला. पांडबानं प्लग बदलला. दुसरा म्हणाला, बॅटरी गेली. बॅटरी बदलली. तिसरा नुसताच मागं उभा राहून च्च च्च करत होता, म्हणून पांडबानं मागचा दिवाही बदलला. गाडी ढिम्म ती ढिम्मच.

शेवटी उस्मानभाई मेकॅनिक आले. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावून बघितलं. पेट्रोलचा थेंब नाही!

"अरे शहाण्या, पार्ट बदलायच्या आधी तपासायचं असतं! सुरू होत नाही म्हटल्यावर पहिलं झाकण उघडून बघायचं, आत काही आहे का."

"बरं, भाई."

"आणि अडलास तर मला फोन कर. मनानं काही करू नकोस."

"बरं, भाई."

पेट्रोल भरून पांडबा निघाला. वाटेत दोन फाटे फुटले. पारावर एक म्हातारबा बसले होते. पांडबानं विचारलं, "बाबा, माझ्या सासुरवाडीचा, शेलवाडीचा रस्ता कुठला?" बाबा गप्प. पुन्हा विचारलं. बाबा गप्पच. चारदा विचारलं तरी बाबा काही सुरू होईनात. मग पांडबानं त्यांची हनुवटी धरली, तोंड उघडलं आणि आत डोकावून बघितलं. बाबांनी तंबाखूचा चांगला मोठा बार भरला होता. पांडबानं फोन लावला.

"भाई, सुरू होत नाही. झाकण उघडलं, आत गच्च भरलंय."

"मग वायर सैल असेल. जरा हलवून बघ."

पांडबानं बाबांना गदागदा हलवलं. बाबांनी काठी उचलली आणि त्याच्या टोपीवर एक सणसणीत ठेवून दिली. त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"भाई, ठिणगी आली!"

"मग झालं तर! आता सुरू होणार बघ."

आणि झालंच की! बाबांनी तंबाखू थुंकली आणि जे सुरू झाले, ते पांडबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच थांबले. शेवटी "त्या रस्त्यानं तोंड काळं कर!" म्हणून बोट दाखवलं. पांडबाला रस्ता कळला. तो बेहद्द खूश.

सासुरवाडीत जेवणं झाली. सासूनं सगुणाची ओटी भरली. सगुणा पिशवी घेऊन मागं बसली. पांडबानं किक मारली. गाडी ढिम्म.

आता खरी गोष्ट अशी, की सीटखाली एक वायर होती. दोघांचं वजन पडलं की ती दबायची. एकटं माणूस बसलं तर काही व्हायचं नाही. पण पांडबाला हे कुठलं कळायला? त्यानं फोन लावला.

"भाई, पेट्रोल आहे. हलवूनही बघितली. सुरू होत नाही."

"मग एकेक गोष्ट काढून बघ. जी काढल्यावर सुरू होईल, दोष तिच्यातच. आणि ऐक, तो खराब पार्ट पुन्हा गाडीला लावू नकोस!"

"बरं, भाई."

पांडबानं पिशवी काढली. किक. ढिम्म. टोपी काढली. किक. ढिम्म. चपला काढल्या. किक. ढिम्म.

"सगुणे, उतर."

किक. भुर्रर्र!

"सापडला!" पांडबा ओरडला. "मामा, दोष तुमच्या लेकीत आहे!"

सासऱ्यांच्या हातातला पानाचा विडा खाली पडला. सगुणा रागानं लालबुंद झाली. तिनं पदर कमरेला खोचला आणि गाडी बंद केली.

"अर्धीच तपासणी केलीत की! मी पुढं बसते, तुम्ही मागं बसा."

किक. ढिम्म.

"आता तुम्ही उतरा."

किक. भुर्रर्र!

पांडबा बघतच राहिला. "म्हणजे दोष माझ्यात?"

"तुमचीच तपासणी, तुम्हीच ठरवा. माझे बैल वाट बघतायत," असं म्हणून सगुणा गेलीसुद्धा.

सासरे म्हणाले, "जावईबापू, पळा. शेवटची एसटी मिळेल अजून."

"छे छे, मामा! एसटी पण गाडीच की. खराब पार्ट पुन्हा गाडीला लावायचा नाही. भाईंनी सांगितलंय." आणि पांडबा ओसरीवर मांडी घालून बसला.

पोळा झाला. गणपती आले आणि गेले. पांडबा ओसरीवरच. सासूबाई भाकरी थापून थापून दमल्या. शेवटी एक दिवस सगुणा गाडी घेऊन आली. बघायला सगळी शेलवाडी लोटली. लेकीला न्यायला जावई येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण इथं जावयाला न्यायला लेक आली होती.

सगुणा म्हणाली, "अहो, भाईंनी वायर नीट केली. दोष तुमच्यात नव्हता. चला घरी."

पांडबा काही उठेना.

"अशी कशी नेतेस? आधी तपासायचं असतं," तो म्हणाला, आणि सगळ्या गावासमोर मोठ्ठा आ वासून बसला.